पोर्ट चौदा

म्हात्रे पुलापासून हाकेच्या अंतरावर,
हॉस्पिटलच्या तळघरात, ऐन मे महिन्यात
मी शाल पांघरून बसते.
सर्व्हरना अठरा डिग्री लागतात.
माणसांना किती, ते कुणी विचारलेलं नाही.

गेल्या दिवाळीपर्यंत इथे दोन खोल्या होत्या.
एकीत तारवाले, दुसरीत हवावाले.
वॉर्डातून फोन आला की तारवाले म्हणायचे,
स्विच ठणठणीत आहे, शेजारी विचारा.
शेजारी म्हणायचे, सिग्नल भरपूर, त्यांना विचारा.
आणि वरती नर्स, रिसीव्हर खांद्यात धरून,
दोघांचंही खरं ऐकत उभी.

इलियास तांबोळी तारवाल्यांतले.
तीस वर्षं केबल ओढून अंगठ्याला घट्टा.
भिंत पाडली त्या दिवशी म्हणाले,
"हवा हवा काय करता, ढेरे?
छतातला तुमचा एकेक डबा
माझ्याच तारेला लोंबतोय. वटवाघळासारखा."
रॅकच्या दारावर अजून त्यांच्या अक्षरात आहे:
वायरला हात लावू नये.
लावल्यास आम्हाला फोन करू नये.

आता एकच पडदा.
वरच्या अर्ध्यात तारा, जिथल्या तिथे, घरंदाज.
खालच्या अर्ध्यात हवेतले, येणारे, जाणारे,
कँटीनच्या रांगेत अचानक दाटी करणारे.

तिसरा मजला, पोर्ट चौदा.
नवजात विभागात एका काचेच्या पेटीपाशी
एक मॉनिटर या तारेतून दर सेकंदाला
थोडंसं काहीतरी बोलतो.
काय बोलतो ते मला दिसत नाही.
बोलतोय, एवढंच दिसतं.
एकोणीस दिवस.

आणि त्याच मजल्यावर एक फोन.
नाव नाही, नुसता बारा अक्षरांचा पत्ता.
रात्री एकनंतर तो डबा तीनवरून पाचवर जातो,
पाचवरून सातवर, लिफ्टपाशी थोडा थांबतो
आणि परत तीन.
चारपर्यंत हेच.
जुन्या खोलीत मी त्याला दोष म्हणून नोंदवलं असतं:
ग्राहक वारंवार डबा बदलतो, सेटिंग तपासा.
इथे मात्र तो आणि चौदा एकाखाली एक.
मी सेटिंगला हात लावला नाही.

बुधवारची रात्र. उद्या गुरुवार, वीज जाणार,
म्हणून बॅटऱ्यांची बेरीज मांडत होते.
चार वाजून दहा मिनिटांनी
चौदा लाल.

फोनही थांबला. डबा पाच.
पंखे चालू होते, तरी मला ते ऐकू येईनात.

तांबोळी जिन्याने वर गेले, लिफ्टची वाट न बघता,
खिशात पक्कड.
तिथूनच बोलले, दम लागलेला:
"तुटलेलं नाही गं. काढलंय."
कुणी? का?
"पेटी पुसतायत. मी काय विचारू त्यांना?"

मी पडद्याकडे बघत राहिले.
वरच्या अर्ध्यात काहीच नाही,
एक सपाट रेघ, जिचा अर्थ
दोन्ही बाजूंनी लागतो.

मग खाली, डबा पाचवर,
त्या फोनचा आलेख उठला.
फोन सहसा ओढून घेतात; हा पाठवत होता.
तीन एमबी, परत तीन, परत तीन,
थांबेचना,
पहाटे सव्वाचारला, कुठल्या कुठल्या
झोपलेल्या घरांतल्या उशांखाली.

अंदाज करणं माझं काम नाही.
मी शाल नीट केली, डोळे पुसले,
फॉर्म उघडला.
बिघाडाचं कारण: केबल, वीज, उपकरण, इतर.

इतर.

तांबोळी खाली आले, बाहीवरचं जाळं झटकत.
चहा ओतला, माझ्याकडे न बघता म्हणाले,
"चौदा मोकळाच ठेव.
उद्या परवा कुणीतरी येईल."